अकरा लेकींच्या बापाला निरोप देताना

आजच्या या निरोप आणि कृतज्ञता समारंभाचे अध्यक्ष, माजी प्राचार्य माननीय आदिनाथ सर. ज्यांच्यासाठी आपण सगळे कामधंदा सोडून जमलो ते सत्कारमूर्ती, कृपासावली बालिकाश्रमाचे पंचवीस वर्षांचे अध्यक्ष, आदरणीय सूर्यभान अण्णा वाळुंज. त्यांच्या शेजारची खुर्ची नको म्हणून खाली बायकांत जाऊन बसलेल्या आमच्या वाळुंजकाकू. आजपासून संस्थेची धुरा ज्यांच्या खांद्यावर येतेय ते अण्णांचे चिरंजीव रविराजभाऊ. व्यासपीठावरचे सर्व विश्वस्त, सोसायटीचे चेअरमन, पत्रकार बंधू, आश्रमातल्या मुली, आणि देवळालीतून, राहुरीतून, थेट नगरहून आलेल्या माझ्या माता-भगिनींनो आणि बंधूंनो, सर्वांना गोरक्षनाथ खिलारीचा नमस्कार.

सुरुवातीला एक दुरुस्ती. कार्यक्रमपत्रिकेत माझं नाव शेवटून दुसरं आहे, त्याबद्दल तक्रार नाही. पण पुढं नुसतं 'मंडपवाले' छापलंय. ते अपुरं आहे. मंडप, ध्वनी, विद्युत रोषणाई आणि जनरेटर, असं पाहिजे. हे सगळं मी कुणाच्या हाताखाली न राहता शिकलो. पहिला अॅम्प्लिफायर मी उघडला तेव्हा मला शॉक बसला, दुसरा उघडला तेव्हा आवाज आला. शाळा सातवीपर्यंत. त्यापुढचं वाचन खुर्च्या मोजून झाल्यावर, खुर्चीत बसूनच. आदिनाथ सरांच्या देखत सांगतो, आज जे बोलणार आहे ते मी स्वतः लिहिलंय, आणि एकदा लिहून तीनदा तपासलंय.

आता मंडपवाल्याला बोलायला का बोलावलं, असं कुणाच्या मनात येईल. मलाही आलं. रविराजभाऊंचा फोन आला, म्हणाले, "खिलारी, तुम्ही मुलींच्या मामांच्या वतीनं दोन शब्द बोला. जरा भावनिक करा."

मी विचारलं, "भावनिक म्हणजे किती, भाऊ?"

म्हणाले, "बायकांनी पदर डोळ्याला लावला पाहिजे, एवढं. पाच मिनिटांत."

पाच मिनिटांचं वचन मी दिलं नव्हतं. बाकी प्रयत्न करतो.

आधी अण्णांचं चांगलं सांगतो, कारण ते खरं आहे. पंचवीस वर्षांपूर्वी हा आश्रम म्हणजे पत्र्याच्या दोन खोल्या होत्या, उन्हाळ्यात आत भाकरी भाजावी इतक्या तापायच्या. आज वर स्लॅब आहे, मुलींना खाटा आहेत, पाणी गरम करायला सोलर आहे. ऊसतोडीला गेलेले आईबाप परत आलेच नाहीत, अशा पाथर्डीकडच्या किती पोरी इथं अक्षर शिकल्या. हे अण्णांनी उभं केलं. खोटं बोलून मोठेपणा देणं मला जमत नाही, तसं खोटं बोलून बदनाम करणंही जमत नाही. हे वाक्य लक्षात ठेवा. पुढं जे येईल ते या वाक्याच्या जबाबदारीवर आहे.

आश्रमाचा एक नियम आहे, आणि तो अण्णांनी केलेला नाही. मुलीला अठरा पूर्ण झाली की तिला बालगृहात ठेवता येत नाही. मग जायचं कुठं? तुमच्या-माझ्या पोरीला अठरावं संपलं तर आपण म्हणतो, अजून लहान आहे, तिला गॅस पेटवता येत नाही. आणि जिला चुलता नाही, मामा नाही, गावात ओळखीचा उंबरा नाही, तिच्या हातात पिशवी देऊन आपण म्हणतो, तू आता मोठी झालीस! माझ्या धंद्यात मी बघत आलोय. असा पोरगा असला तर तो स्टँडवर जातो, आणि अशी पोरगी असली तर बोहल्यावर.

दोन वर्षांपूर्वी, याच पटांगणात, वैशाखात, अकरा मुलींचा सामुदायिक विवाह झाला. तुमच्यातले निम्मे तेव्हा इथं होते. मंडप माझाच होता. बुंदी कशी झाली होती हे तुम्हाला आठवत असेल. मला दुसरंच आठवतं.

अकरा मंगळसूत्रं आणली होती. अकरा फेटे, अकरा संसारांची भांडी, अकरा कपाटं. फोटोवाले तीन. मुहूर्त जवळ आला, अंतरपाट धरले, गुरुजींनी आवाज दिला, "मामा, मुलींना घेऊन या!" एवढ्या मोठ्या संस्थेनं एवढी मोठी यादी केली, त्यात मामा लिहायचेच राहून गेले होते. सगळं विकत आणता येतं, मामा कुठल्या दुकानात मिळतो?

मग जी धावपळ झाली! चेअरमनसाहेबांच्या ड्रायव्हरला ओढलं. आचाऱ्याला ओढलं, त्याच्या कोपरापर्यंत बेसन होतं, तसाच उभा राहिला बिचारा. टरबूजवाला रस्त्यावरून आणला. मी शिडीवर होतो, झालर सुटली होती. खालून कुणीतरी पाय धरला आणि म्हणालं, "खिलारी, उतरा, तुम्ही मामा." खाली आलो तर समोर पिवळ्या साडीत एक काटकुळी पोर उभी. मी म्हणालो, "चल बाई." तर ती हलेना. माझ्या कानाशी येऊन म्हणते, "मामा, चपला कुठं ठेवू? नव्या हायेत, चोरीला जातील."

हसू नका. म्हणजे हसा, मीही हसलो होतो. तिच्या चपला मी पक्कड-पान्ह्यांच्या पेटीत ठेवल्या, कुलूप लावलं, आणि तिला बोहल्यावर नेऊन तिच्या मागं उभा राहिलो. त्या मुलीचं नाव निकिता. नवरा अंगद, तोही पाथर्डीचा, त्यालाही कुणी नाही. चुलत्याच्या गोठ्यात वाढला आणि मिशी फुटायच्या आधी कोयता हातात घेतला. दोघांच्या बाजूनं मिळून एक सख्खं माणूस लग्नाला नव्हतं. आचाऱ्यानं बेसनाचे हात धुतले, बाकीचे मामाही आपापल्या कामाला लागले. मला मात्र सख्खी बहीण नाही. 'मामा' ही हाक मला आयुष्यात पहिल्यांदा ऐकू आली होती. ती मी कानाआड करू शकलो नाही.

आता मुद्द्याचं. अकराही कन्यादानं अण्णांनी केली. मग अण्णा माईकवर आले. माईक हाच. अण्णा म्हणाले, आणि मी शब्द न शब्द सांगतो, कारण आवाज कमी-जास्त करायला मी बाजूलाच उभा होतो: "आजपासून या अकरा लेकींचा बाप मी. माझं घर हे यांचं माहेर. पंचमी म्हणू नका, दिवाळी म्हणू नका, पहिलं बाळंतपण म्हणू नका, या लेकी हक्कानं माझ्या दारात येतील."

टाळ्या कुणी वाजवल्या? तुम्हीच ना? चेअरमनसाहेब, तुम्ही तर उभे राहिला होता.

तुम्ही-आम्ही भाषणं ऐकतो आणि जेवायला बसतो. निकितानं ते पाठ केलं. तिला आयुष्यात पहिल्यांदा कुणी घर देऊ केलं होतं, तेही माईकवरून. ती कशी विसरेल?

गेली दोन वर्षं ती दोघं ऊसतोडीच्या हंगामाला आपल्याच भागात येतात. शेताच्या कडेला पाचटाच्या कोप्या, म्हणजे खोपटी, पडतात, त्यात राहतात. टोळीतल्या बायका एकमेकींना पहिला प्रश्न विचारतात, माहेर कुठलं? निकिता सांगायची, "देवळाली प्रवरा. सूर्यभान अण्णा वाळुंजांची मुलगी." तोरा असा की ऐकणाऱ्यानं सावरून बसावं. त्या टोळीत बायडाबाई म्हणून एक जाणत्या बाई आहेत. जीभ अशी की उसाच्या पाचटानं कापावी. त्यांनी एकदा विचारलंच, "व्हय गं, बाप एवढा बंगल्याचा, आन लेक कोपीत कशी?" निकिता म्हणाली, "नवऱ्याच्या घरी नवऱ्याचं खायचं असतं. माहेर माहेरच्या जागी." बायडाबाई म्हणाल्या, "लई शिकवलीय तुला आश्रमात."

यंदा निकिता पोटुशी राहिली. आता आपल्याकडची रीत मी कुणाला सांगायला नको, पण मागं पुण्याचे पाहुणे बसलेत, त्यांच्यासाठी सांगतो. पहिलं बाळंतपण माहेरी. आणि लेक आपण होऊन पिशवी उचलून येत नाही. माहेरून बाप किंवा भाऊ न्यायला येतो. त्याला आपण मुराळी म्हणतो. तो शिदोरी घेऊन येतो, सासरची माणसं त्याला जेवू घालतात, मग लेक मानानं निघते. सातवा लागला तशी निकिता रोज दुपारी कोपीपुढं सारवून ठेवायला लागली. मुराळी आला तर बसवायचा कुठं, म्हणून.

आठ दिवस गेले, पंधरा गेले. बायडाबाई कशाला गप बसतायत? "काय गं निकिता, तुझ्या बापाची गाडी पंक्चर झाली का? का आमची कोपी सापडंना त्याला? पाचटाची गंजी पेटवू का, धूर बघून येईल?" आणि सगळ्या टोळीत खसखस पिकायची. तिथं अंगद भांडायला उठायचा, निकिता त्याला खाली बसवायची. म्हणायची, "अण्णांच्या मागं लई कामं असतात."

निकिताचा मला फोन आला तेव्हा मी म्हणालो, "पोरी, मी येतो मुराळी म्हणून. टेम्पो घेऊन येतो, वाजंत्री लावून आणतो." ती म्हणाली, "नको मामा. तुम्ही आलात तर बायडाबाई जिंकंल."

आश्रमात अंगदनं फोन केले. अण्णा मीटिंगला गेलेत. अण्णा नगरला गेलेत. अण्णा पूजेला बसलेत. शेवटी रीत मोडून ती दोघं स्वतः निघाली.

रविराजभाऊंची चिठ्ठी आली. 'आवरा.' आवरतोय भाऊ. आणि तिकडं स्विचबोर्डाशी जो कोणी वाकलाय त्यांना विनंती, त्रास घेऊ नका. हे सगळं जनरेटरवर आहे, आणि जनरेटरच्या खोलीची किल्ली माझ्या खिशात आहे. बसा.

तर गेल्या महिन्यात अण्णांच्या बंगल्यावर माझं काम चालू होतं. अण्णांच्या थोरल्या लेकीचं डोहाळजेवण. तिला बाळंतपणाला आणायला स्वतः रविराजभाऊ पुण्याला गेले होते, मुराळी म्हणून, शिदोरी घेऊन. रीत म्हणजे रीत! वाळुंजांच्या घरात ती कुणी मोडत नाही. मी हिरव्या कापडाचा मांडव घातला होता आणि शिडीवर चढून झोपाळ्याला मोगरा बांधत होतो. अंगणात पंधरा-वीस पाहुणे, सगळे चांगल्या घरचे. शिडीवरच्या माणसाकडं कुणी बघत नाही. लोकांना वाटतं, तिथं बल्ब आहे.

फाटकातून अंगद आला. शर्ट धुतलेला, अजून ओलाच होता. डोक्यावर पिशवी, आणि खांद्यावर दोन ऊस. अण्णांच्या नातवंडांना म्हणून. रिकाम्या हातानं सासऱ्याच्या घरी कसं जायचं? मागं निकिता, पोट सांभाळत.

अण्णा म्हणाले, "कोण गं तू?"

"अण्णा, मी निकिता. अकरातली."

"कुठली अकरातली?"

"लग्नातली. तुम्ही कन्यादान केलं ना आमचं. बाळंतपणाला आले."

ती हसत होती बरं का. तिला वाटलं, आता ओळखतील. अण्णांनी पाहुण्यांकडं बघितलं. पाहुणे अण्णांकडं बघत होते. आणि अण्णा म्हणाले, "अगं पोरी, तो कार्यक्रम होता."

पाहुण्यांतलं कुणीतरी हसलं. मग अण्णांनाही जोर आला. "उद्या अकराच्या अकरा पोटं घेऊन आल्या तर मी काय दवाखाना काढू?" त्यावर एकजण म्हणाले, "अण्णा, पाळणाघरच काढा, अनुदान मिळतंय." सगळे हसले. ते एकजण आज व्यासपीठावर आहेत. मी नाव घेणार नाही, त्यांनी आत्ता पाण्याचा ग्लास उचललाय तेवढं पुरे.

अंगद म्हणाला, "अण्णा, आमाला कोन न्हाई म्हनून आलो. हिला दोन महिनं ठिवा. मी हाय की, पानी भरीन, गुरांचं बघीन."

अण्णा म्हणाले, "सरकारी दवाखान्यात जा. मी फोन करतो साहेबांना."

"दवाखाना ठावं हाय आमाला," अंगद म्हणाला. "ही माहेरी आली."

काकू ताट घेऊन दारापर्यंत आल्या होत्या. अण्णांनी मान वळवली आणि म्हणाले, "तू आत जा." काकू गेल्या. अंगदनं पिशवी पुन्हा डोक्यावर घेतली. ऊस भिंतीला टेकवून ठेवले होते, ते मात्र त्यानं उचलले नाहीत. एकदा दिलेलं परत घ्यायचं नाही, हे त्या गोठ्यात वाढलेल्या पोराला कुणी शिकवलं असेल?

मी शिडीवरून लगेच उतरलो नाही. झोपाळ्यावर अवघडलेली बाई बसणार होती. तिचा यात काही दोष नव्हता. गाठी पुन्हा ओढून बघितल्या, एक सैल वाटली ती सोडून नव्यानं मारली. मग उतरलो, टेम्पो काढला आणि रस्त्याच्या कडेला बाभळीखाली ती दोघं बसली होती त्यांना घरी आणलं. आमच्या घरच्यांनी काही विचारलं नाही. "कितवा?" एवढं विचारलं आणि अंघोळीचं पाणी ठेवलं.

तेव्हापासून निकिता माझ्याकडं आहे. खायला आहे, प्यायला आहे, दवाखान्याच्या चकरा वेळेवर आहेत. काही जण म्हणतील, मग खिलारी, तक्रार काय? मामाच्या घरी बाळंतपण होतंय की! होतंय. मामा काही मेला नाही. पण शेजारची बाई सहज विचारते, "माहेर कुठलं गं तुझं?" आणि ती पोर, जी दोन वर्षं भर टोळीत छाती काढून सांगत होती, ती आता मांजराला हाक मारत उठून जाते. आमच्याकडं मांजर नाही.

अण्णा, तुम्ही घर दिलं नाही याचा मला राग नाही. जगात किती लोक घर देत नाहीत. मी तरी स्टँडवरच्या किती पोरांना दिलं? माझा राग असा की तुम्ही ते दिलं, चारशे लोकांसमोर दिलं, त्याच्या टाळ्या घेतल्या, त्याचे फोटो घेतले, आणि ते परत मात्र पाहुण्यांत, अंगणात, हसत-हसत घेतलं. हे मला चालत नाही. जे माईकवर दिलं ते परतही माईकवरच घ्यायचं.

कुणी म्हणेल, खिलारी सूड घेतोय. म्हणू द्या. घेतोयच. बोहल्यावर मुलीच्या मागं मामा कशाला उभा करतात? नुसता फोटोत यायला?

निकिता, उभी राहा. सावकाश. तिसऱ्या रांगेत आहे बघा, हिरव्या साडीत. शेजारी पिशवी आहे, तिच्यात बाळंतविडा आहे, आमच्या घरच्यांनी केलेला. मंडपाच्या खांबाशी जो उभा आहे तो अंगद. आणि मागं ज्या बायका बसल्यात त्या त्यांच्या टोळीतल्या. आज त्यांनी अर्धा दिवस ऊस सोडलाय. त्यात बायडाबाई आहेत. बायडाबाई, नमस्कार. पदर डोळ्याला लावायला तुम्हीच पहिल्या निघालात!

काल मी निकिताला विचारलं, येशील का. ती म्हणाली, "मामा, आणि ते परत नाही म्हणाले तर?"

मी म्हणालो, "तर सगळ्यांसमोर म्हणतील."

थोडा विचार करून म्हणाली, "मग चालंल."

म्हणून अण्णा, हा माईक घ्या. मला तुमच्याकडून लांब उत्तर नको. ही माझी लेक, असं म्हणा, मी मुराळ्याच्या मागं चालत येतो. नाहीतर तो कार्यक्रम होता, असं म्हणा. ते शब्द तुमचेच आहेत, नवे शोधायला नकोत. तेही चालेल. पोरगी आजपासून कुणाला खोटं सांगणार नाही आणि मांजराला हाक मारणार नाही.

घ्या.

काय म्हणालात? माईकवर बोला अण्णा, मागच्यांना ऐकू आलं नाही.

अण्णा म्हणतात, हे व्यासपीठ त्यासाठी नाही. अण्णा, कन्यादान झालं ते व्यासपीठ हेच. फळ्या याच. उजवीकडची तिसरी फळी तेव्हाही करकरत होती, आजही करकरतेय. तुमचा पाय तिच्यावर आहे.

अध्यक्ष महाराज, आपण घड्याळ बघू नका. मी थांबतोय. वेळ माझ्यामुळं जात नाहीये.

कुणी बोलू नका. अण्णांना बोलू द्या.

कोण उठलं तिकडं? काकू? काकू, सावकाश या, खाली वायर आहे. अहो, काकूंना वाट द्या. चेअरमनसाहेब, पाय घ्या.

मागच्यांना दिसत नसेल म्हणून सांगतो. काकू व्यासपीठाकडं आलेल्या नाहीत. त्या बाजूच्या टेबलाशी गेल्यात. टेबलावर अण्णांच्या सत्काराचं ताट आहे. काकूंनी ताटातली शाल बाजूला ठेवली. नारळ घेतला. खण घेतला, तो त्यांच्या स्वतःच्या सत्कारासाठी होता. तांदूळ घेतले. रविराजभाऊ, आईला अडवू नका. आईला अडवताना माणूस फोटोत वाईट दिसतो, आणि फोटोवाले इथंच आहेत.

काकू तिसऱ्या रांगेत आल्या. निकिता, पदर पसर. नीट पसर, दोन्ही हातांनी.

काकूंनी ओटी भरली.

काकू काहीतरी म्हणतायत. काकू, सांगू का माईकवर? त्यांनी मान हलवली, म्हणजे सांगतो. काकू म्हणाल्या, "गाडीत बस. पुढं बस, मागं हिसके लागतात."

निकिता अंगदकडं बघतेय. जा पोरी. मी बघतोय इथून. मनाला नाही पटलं तर फोन कर, टेम्पो उभाच आहे, आणि आमच्या घरचं अंघोळीचं पाणी कधी गार होत नाही. अंगद, पिशवी घे. आज डोक्यावर घेऊ नको, हातात घे. ड्रायव्हरदादा, तुम्ही काय अण्णांकडं बघताय? काकूंनी सांगितलंय. खड्डे चुकवून चला.

टाळ्या नकोत. टाळ्या मागंही झाल्या होत्या. जाऊ द्या त्यांना शांतपणे.

अण्णा, तुम्ही बोलला नाहीत. आता बोलायची गरज उरली नाही. घरी जाल तेव्हा तुमच्या दोन लेकी बाळंतपणाला आलेल्या असतील, एक झोपाळ्यावर आणि एक तिच्या शेजारी. कुठल्या लेकीला आधी हाक मारायची ते तुमचं तुम्ही ठरवा. काकू बघत असतील. उरलेल्या दहाजणींना मी आज संध्याकाळीच कळवतो की माहेर उघडं आहे. पंचमी श्रावणात आहे, त्या येतीलच. झोके बांधायला मला बोलवा. आणि रविराजभाऊ, संस्थेचे नवे अध्यक्ष म्हणून तुमचं अभिनंदन. आश्रमातल्या आणखी चार मुलींना येत्या वैशाखापर्यंत अठरा पूर्ण होतायत, असं ऐकतो. त्यांना बोहल्यावर घालायची घाई असेल तर मंडप दुसऱ्याकडं बघा. त्यांना दोन वर्षं राहायला खोली आणि शिकायला धंदा द्यायचा असेल, तर माझ्याकडं शिडी आहे, वायर आहे, आणि शॉक बसू न देता शिकवायचं मला आता जमतं. मुली शिडीवर चढत नाहीत, असं कुणी म्हणू नये. अठराव्या वर्षी आपण त्यांना याहून उंचावरून ढकलतो.

मला बोलायची संधी दिल्याबद्दल रविराजभाऊंचे आभार. त्यांना जे भावनिक हवं होतं ते मागच्या रांगेत झालेलं दिसतंय. अध्यक्ष महाराजांनी मधे घंटी वाजवली नाही, हे त्यांचे उपकार. अर्धा दिवस खाडा करून आलेल्या टोळीतल्या बायकांचे आभार, आणि सगळ्यात शेवटी वाळुंजकाकूंचे, त्या आता ऐकायला इथं नाहीत, हे फार बरं झालं.

मी शिकलो ते एकटा शिकलो, त्यामुळं कुणाचं पद मागं-पुढं झालं असेल, कुणाच्या नावापुढं 'माननीय' लावायचं राहिलं असेल, तर ते पोटात घाला. बाकी जे बोललो त्यातला एकही शब्द मागं घेत नाही.

आता सत्काराचा मुख्य कार्यक्रम होईल. ताट रिकामं आहे, नारळ आणायला माणूस पाठवलाय. तोवर सत्कारमूर्तींनी कृपया बसून घ्यावं. तसंही त्यांची गाडी गेली आहे.